ॲक्युपंक्चर, नकली सुई आणि प्लासिबो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

ॲक्युपंक्चर म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा चिनी परंपरेतला उपचार. त्याबद्दल एवढंच सांगता येत नाही, कारण प्रश्न अर्धा आहे. कशाच्या तुलनेत, हे आधी ठरवावं लागतं. काहीच न केलेल्या रुग्णांशी तुलना केली तर एक उत्तर येतं आणि नकली सुया टोचून घेतलेल्या रुग्णांशी केली तर दुसरं. दोन्ही उत्तरं खरी आहेत. वर्तमानपत्रांतली एक बातमी ‘गुण येतो’ म्हणते आणि दुसरी ‘थोतांड’ म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा दोघींनी वेगवेगळे तुलनागट घेतलेले असतात.

२०१२ साली जुनाट दुखण्यांवरच्या २९ चाचण्यांतल्या १७,९२२ रुग्णांची मूळ नोंद एकत्र करून विश्लेषण झालं. पाठ, मान, गुडघे, खांदे आणि डोकेदुखी असे हे रुग्ण होते. संशोधकांनी निष्कर्ष समजावून सांगताना एक उदाहरण दिलं. सुरुवातीला शंभरपैकी ६० इतकं दुखत असेल, तर काही काळाने ॲक्युपंक्चर न घेतलेल्यांचं दुखणं ४३ वर येतं, नकली ॲक्युपंक्चर घेतलेल्यांचं ३५ वर आणि खरं घेतलेल्यांचं ३० वर.

हे चार आकडे लक्षात ठेवा, पुढची बहुतेक चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते. ६० ते ४३ ही घट सुईशिवायची. ४३ ते ३५ ही सुई टोचून घेण्याच्या सगळ्या प्रसंगाची. ३५ ते ३० एवढीच ‘योग्य जागी, योग्य रीतीने खुपसलेल्या सुई’ची. ती शून्य नाही, पण सर्वांत लहान आहे.

काहीच न करता ६० चे ४३ कसे झाले?

‘न करता’ म्हणजे ॲक्युपंक्चर न करता. नेहमीची औषधं बहुतेकांची चालूच होती. तरीही मोठं कारण दुसरंच आहे. जुनाट दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं आणि माणूस उपचाराला किंवा चाचणीत नाव द्यायला भरतीच्या वेळी येतो. समजा एखाद्याचं दुखणं वर्षभर ३० ते ८० च्या दरम्यान फिरतं आणि चाचणीची अट ‘किमान ६०’ अशी आहे. तो आत शिरतो तेव्हा हमखास वरच्या टोकाला असतो. महिनाभराने पुन्हा मोजलं की आकडा खाली आलेलाच दिसणार, मधल्या काळात त्याने काहीही केलेलं असो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

म्हणूनच ‘उपचाराआधी आणि उपचारानंतर’ असे दोनच आकडे देणाऱ्या अभ्यासातून काहीही सिद्ध होत नाही. दुसरा गट नसेल तर तो अहवाल तिथेच मिटवावा.

मग प्लासिबो म्हणजे नक्की काय? साखरेची गोळी ना?

गोळी हे फक्त साधन. प्लासिबो परिणाम म्हणजे उपचार मिळतोय या अनुभवातून येणारा फरक. त्यात अपेक्षा असते, पूर्वीच्या उपचारांची सवय असते, कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय याचा दिलासा असतो. ‘प्लासिबो गटात सुधारणा झाली’ आणि ‘प्लासिबोमुळे सुधारणा झाली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात आपोआप बरं होणं, सरासरीकडे परतणं आणि विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर हे सगळं येतं.

हा घोळ जुना आहे. अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांनी १९५५ साली लिहिलेल्या प्रसिद्ध लेखातून ‘सुमारे ३५ टक्के रुग्णांना प्लासिबोने आराम पडतो’ हा आकडा रूढ झाला आणि आजही तो जिथे तिथे भेटतो. पण बीचर यांनी प्लासिबो गटातली सगळी सुधारणा प्लासिबोच्या नावावर टाकली होती. २००१ मध्ये ह्रोबयार्टसन आणि गोत्शे या डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ११४ अशा चाचण्या तपासल्या, ज्यांत प्लासिबो गटाबरोबर काहीच न दिलेला गटही होता. बहुतेक ठिकाणी दोघांत लक्षणीय फरक नव्हता. वेदनेत मात्र थोडा होता, शंभराच्या मापावर सुमारे साडेसहा.

गोळीची नकली गोळी करता येते. सुईची नकली सुई कशी करतात?

या क्षेत्रातली सर्वांत अवघड गोष्ट हीच. साधारण चार प्रकार वापरात आहेत.

पहिला, खरी सुई पण चुकीच्या जागी. परंपरेतल्या बिंदूंपासून दूर, काही मिलिमीटरच खोल आणि न फिरवता. करायला सोपा, रुग्णाला फरक कळत नाही. अडचण अशी की त्वचेला भोक पडतंच, मज्जातंतूंना निरोप जातोच. हा प्लासिबो निष्क्रिय आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

दुसरा, आत सरकणारी सुई. कॉनराड स्ट्राइटबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. टोक बोथट असतं आणि सुईची दांडी मुठीत मागे सरकते, नाटकातल्या खंजिरासारखी. त्वचेवर प्लास्टिकचं लहान कडं ठेवून त्यावर चिकटपट्टी लावतात. सुई ती पट्टी भेदून त्वचेला टेकते, टोचल्यासारखं वाटतं, सुई आखूड झालेली दिसते, पण आत जात नाही. खऱ्या सुईच्या गटातही तेच कडं आणि तीच पट्टी वापरावी लागते, नाहीतर गुपित फुटतं. पार्क यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार याच तत्त्वाचा आहे, तिथे पट्टीऐवजी नळी आणि चिकट तळ असतो.

तिसरा, दात कोरायची काडी. ऐकायला गंमत वाटते, पण २००९ साली अमेरिकेत ६३८ पाठदुखीच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत हीच वापरली. सुई ज्या नळीतून टोचतात त्याच नळीतून काडीचं टोक त्वचेवर टेकवून किंचित फिरवायचं, नळी काढून घ्यायची. रुग्ण पालथा झोपलेला असल्यामुळे पाठीवर काय आहे ते त्याला दिसत नाही. शेवटी पुन्हा काडी टेकवून ‘सुई काढल्याचा’ भास द्यायचा. आठ आठवड्यांनी रोजच्या कामांत लक्षात येण्याजोगी सुधारणा सुई आणि काडी मिळून या गटांत सुमारे ६० टक्क्यांना होती, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्क्यांना. सुई आणि काडी यांच्यात म्हणावा असा फरक नव्हता.

चौथा, प्रवाह नसलेलं यंत्र. सुयांना वीज जोडून देण्याच्या पद्धतीत यंत्राचा दिवा लागतो, आवाज येतो, पण तार आतून तोडलेली असते. वीज जाणवणं अपेक्षित असेल तिथे रुग्णाला लगेच शंका येते.

बिघडतं कुठे? कडं डोक्यावरच्या केसांत चिकटत नाही आणि बोटांच्या टोकांवर मावत नाही, म्हणून तिथले बिंदू वगळावे लागतात. पट्टी सैल असली की नकली सुई कलते किंवा पडते, कारण तिला धरून ठेवणारं मांस नसतं. ज्याने पूर्वी ॲक्युपंक्चर घेतलंय त्याला फरक पटकन कळतो, म्हणून चांगल्या चाचण्यांत पहिल्यांदाच घेणाऱ्यांना निवडतात.

रुग्ण खरंच फसतो का? हे तपासतात कसं?

विचारून. स्ट्राइटबर्गर यांनी ६० निरोगी लोकांच्या हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बिंदूवर, दोन्ही सुया वापरून पाहिल्या. खरी सुई टोचली तेव्हा ५४ जणांना ती शिरल्यासारखी वाटली आणि नकलीच्या वेळी ४७ जणांना. म्हणजे फसवणूक बऱ्यापैकी जमली. पण चिनी परंपरेत ज्याला ‘द-ची’ म्हणतात ती बोथट, जड, पसरत जाणारी कळ खऱ्या सुईने ३४ जणांना जाणवली आणि नकलीने फक्त १३ जणांना. अनुभवी माणसाला फरक कळतो तो इथून.

चाचणीत साधारणपणे ‘तुम्हाला कोणता उपचार मिळाला असं वाटतं?’ हा प्रश्न तीन पर्यायांसह विचारतात: खरा, नकली, सांगता येत नाही. उत्तरांवरून बँग निर्देशांक काढतात. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो आणि शून्याजवळ असेल तर रुग्ण अंदाजच बांधत होते असं समजायचं. वेळ मात्र महत्त्वाची. पहिल्या एक-दोन सत्रांनंतर विचारावं. शेवटी विचारलं तर ज्याला बरं वाटलंय तो ‘खरीच होती’ म्हणतो आणि ज्याला वाटलं नाही तो ‘नकली होती’ म्हणतो. मग निर्देशांक गुपित फुटल्याचं दाखवतो की गुण आल्याचं, ते सांगता येत नाही.

सुई टोचणाऱ्याला तर माहीत असतंच. मग ही डबल ब्लाइंड चाचणी कशी?

डबल ब्लाइंड म्हणजे कोणाला काय मिळालं हे रुग्णाला आणि उपचार करणाऱ्याला, दोघांनाही माहीत नसणं. ॲक्युपंक्चरची चाचणी तशी जवळपास कधीच नसते. जपानमध्ये ताकाकुरा आणि याजिमा यांनी टोचणाऱ्यालाही कळू नये अशी सुई बनवली आहे. नळीतच अडथळा असतो आणि हाताला प्रतिकार सारखाच लागतो. पण मोठ्या चाचण्यांत ती फारशी आलेली नाही. बाकी सगळीकडे टोचणाऱ्याला माहीत असतं, आणि चेहरा, आवाज, घाई यांतून ते रुग्णापर्यंत पोचू शकतं.

उपाय तीन, तिन्ही अर्धे. टोचणाऱ्याने काय बोलायचं ते लिहून ठरवून द्यायचं. मोजणी करणारा माणूस वेगळा ठेवायचा, ज्याला गट ठाऊक नाही. आणि संख्याशास्त्रज्ञाला गटांची नावं ‘अ’ आणि ‘ब’ एवढीच द्यायची. दुखणं रुग्ण स्वतःच सांगतो, म्हणून दुसऱ्या उपायाचा फायदा इथे मर्यादित. टोचणाऱ्याकडून रुग्णापर्यंत होणारी गळती तशीच राहते. खऱ्या आणि नकलीतला तो पाच गुणांचा फरक वाचताना ही गळती मनात ठेवावी.

जर्मनीतल्या मोठ्या चाचण्यांचा एवढा उल्लेख का होतो?

कारण त्या खरोखर मोठ्या होत्या आणि त्यांच्या निकालावर विम्याचा निर्णय अवलंबून होता. पाठदुखीच्या चाचणीत १,१६२ रुग्ण होते, निकाल २००७ मध्ये आला. अर्ध्या-अर्ध्या तासाची दहा सत्रं, बहुतेक आठवड्याला दोन. अर्धवट गुण आला तर आणखी पाच. सहा महिन्यांनी सुधारलेल्यांचं प्रमाण असं:

खरं ॲक्युपंक्चर ४७.६ टक्के.
नकली ॲक्युपंक्चर ४४.२ टक्के.
औषधं, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार २७.४ टक्के.

गुडघ्यांच्या झिजेवरच्या १,००७ रुग्णांच्या चाचणीतही हेच चित्र: ५३.१, ५१.० आणि २९.१. अर्धशिशीच्या ३०२ रुग्णांच्या चाचणीत तर नकली सुई किंचित पुढेच होती. खऱ्या सुईने ५१ टक्के, नकलीने ५३ टक्के आणि प्रतीक्षा यादीवर ठेवलेल्यांत १५ टक्के.

हे आकडे दोन्ही बाजू आपापल्या परीने वाचतात. समर्थक म्हणतात, नेहमीच्या उपचारांपेक्षा जवळजवळ दुप्पट लोकांना गुण आला, आणखी काय हवं? टीकाकार म्हणतात, कुठेही टोचलं तरी तेच होत असेल तर बिंदू, परंपरेने मानलेल्या ऊर्जेच्या वाहिन्या आणि वर्षानुवर्षांचं शिक्षण कशासाठी? आमच्या मते दोघंही बरोबर आहेत, पण दोघंही तिसऱ्या गटाकडे नीट पाहत नाहीत. या चाचण्यांत नाव देणारे बरेच लोक ॲक्युपंक्चर मिळेल या आशेने आलेले होते आणि नेहमीचे उपचार करून थकलेले होते. कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. चिठ्ठीत पुन्हा तेच उपचार निघाले की हिरमोड होतो, आणि हिरमुसलेला माणूस प्रश्नावलीतही तसंच लिहितो. त्यामुळे २७ टक्के हा आकडा औषधांच्या ताकदीचा कमी आणि निराशेचा जास्त असू शकतो.

अपेक्षेचं वजन मोजलंही गेलं आहे. जर्मनीतल्याच चार चाचण्यांमधल्या ८६४ रुग्णांना आधीच विचारलं होतं की तुम्हाला किती गुण येईल असं वाटतं. ज्यांची अपेक्षा मोठी होती त्यांना गुण येण्याची शक्यता सुमारे दुप्पट निघाली, सुई खरी असो वा नकली.

म्हणजे बिंदू चुकला तरी चालतं?

दुखण्याच्या बाबतीत, उपलब्ध पुराव्यावरून, बिंदूच्या अचूकतेने पडणारा फरक फार लहान आहे. मनगटाच्या आतल्या बाजूचा, घडीपासून सुमारे तीन बोटं वरचा ‘पी ६’ हा बिंदू थोडा अपवाद आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर तो नकली उपचारापेक्षा सरस ठरल्याचं ५९ चाचण्यांच्या आढाव्यात दिसलं. मात्र त्यांतल्या अनेक चाचण्या कच्च्या होत्या.

नकली सुई नकली गोळीपेक्षा जास्त गुणकारी असते, हे खरं का?

एका चांगल्या चाचणीत तसं दिसलं. टेड कॅप्चुक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हात वारंवार वापरून दुखावलेल्या २७० लोकांना नकली सुई किंवा नकली गोळी दिली. पहिल्या दोन आठवड्यांत फरक नव्हता. पुढच्या काळात सुईवाल्यांचं दुखणं अधिक कमी झालं. दुष्परिणामही दोन्हीकडे नोंदले गेले, आणि ज्याला जे दुष्परिणाम होऊ शकतील असं आधी सांगितलं होतं तेच त्याला झाले. गोळीत औषध नव्हतं आणि सुई शिरली नव्हती, हे विसरू नका.

दुसरा प्रयोग आणखी बोलका. २००८ मध्ये आयबीएस, म्हणजे पोट सतत बिघडलेलं ठेवणाऱ्या आतड्याच्या त्रासाच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. एक नुसता प्रतीक्षा यादीवर. दुसऱ्याला नकली सुया, पण टोचणारा पाच मिनिटांत मोजकं बोलून मोकळा. तिसऱ्याला त्याच नकली सुया, पण पहिल्या भेटीत पाऊण तास आपुलकीची विचारपूस. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. सुई तीच, वाढलं ते बोलणं.

याला अठराव्या शतकातला पूर्वज आहे. पर्किन्स या अमेरिकन डॉक्टरांच्या धातूच्या टोकदार कांड्या अंगावरून फिरवल्या की वेदना जाते असा तेव्हा बोलबाला होता. १७९९ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहरात डॉक्टर जॉन हेगार्थ यांनी लाकडाच्या कांड्या धातूसारख्या रंगवून पाच रुग्णांवर फिरवल्या. चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्यांनीही तेवढाच पडला.

प्लासिबोने शरीरात खरंच काही बदलतं, की नुसतं ‘वाटतं’?

वेदनेत काही बदलतं याचे पुरावे आहेत. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगात नालोक्सोन दिल्यावर प्लासिबोमुळे पडणारा आराम नाहीसा झाला. नालोक्सोन अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम अडवतं, म्हणजे शरीराने स्वतःची वेदनाशामकं सोडली होती.

पण मर्यादा ओळखायची असेल तर २०११ चा दम्याचा अभ्यास पाहा. प्रत्येक रुग्णाला आलटूनपालटून चार गोष्टी मिळाल्या: साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा खरा पंप, रिकामा पंप, नकली ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही. ३९ जणांनी तो पूर्ण केला. एका सेकंदात जोराने सोडलेली हवा खऱ्या पंपाने २० टक्क्यांनी वाढली आणि बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्क्यांनी. रुग्णांना मात्र वाटलेली सुधारणा खऱ्या पंपाने ५० टक्के, रिकाम्याने ४५ टक्के, नकली सुईने ४६ टक्के, आणि काहीच न करता २१ टक्के.

म्हणजे श्वासनलिका आवळलेलीच होती आणि माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणत होता. पाठदुखीत वाटणं हेच दुखणं आहे, तिथे हा दिलासा खरा. दम्यात तो जिवावर बेतू शकतो. दमा, संसर्ग, रक्तदाब, मधुमेह, गाठी यांवर औषध थांबवून सुयांवर विसंबू नये, ते यासाठी.

एंडॉर्फिन, म्हणजे शरीराची स्वतःची वेदनाशामकं, वाढतात, एमआरआयमध्ये मेंदू उजळतो. एवढं पुरेसं नाही का?

नाही. त्वचेत सुई खुपसल्यावर मज्जासंस्थेने प्रतिसाद दिला नाही तरच नवल. २०१० मध्ये उंदरांत सुईच्या आसपास अडिनोसीन हे शरीरातलंच रसायन वाढतं आणि त्यातून वेदना कमी होते असं दाखवलं गेलं. प्रयोग चांगला आहे. पण ‘कसं होत असेल’ याचं उत्तर मिळालं म्हणून ‘रुग्णाला किती फरक पडतो’ याचं मिळत नाही. क्रम उलटा हवा: आधी परिणाम, मग कारण.

कोणत्या तक्रारींवर पुरावा बरा आहे आणि कुठे नाही?

अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी पुरावा त्यातल्या त्यात बरा. कॉक्रेन या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात २२ चाचण्या आणि ४,९८५ रुग्ण होते. महिन्याला सहा दिवस डोकं दुखणाऱ्यांचे नेहमीच्या उपचारांनी पाच दिवस होतात, नकली सुईने किंवा रोजच्या प्रतिबंधक गोळीने चार आणि खऱ्या सुईने साडेतीन. नकलीपेक्षा फायदा अर्ध्या दिवसाचा. गोळ्या सोसत नसतील तर मात्र विचार करण्याजोगा.

जुनाट पाठदुखीत २०२० च्या कॉक्रेन आढाव्याला खऱ्या आणि नकलीतला फरक शंभरापैकी सुमारे ९ गुणांचा दिसला आणि तो रुग्णाला जाणवेल इतका नाही असं त्यांनी म्हटलं.

नकलीपेक्षा स्पष्ट फायदा दिसलेल्या चाचण्याही आहेत, त्या लपवू नयेत. खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या ५०४ स्त्रियांवर चीनमध्ये झालेल्या चाचणीत वीज जोडलेल्या सुयांनी गळती सहा आठवड्यांत सरासरी ९.९ ग्रॅमने कमी झाली आणि नकलीने २.६ ग्रॅमने. इथे मोजमाप वजनकाट्यावर होतं, नुसत्या प्रश्नावलीवर नाही. तीव्र बद्धकोष्ठतेच्या १,०७५ रुग्णांतही गुण आलेल्यांचं प्रमाण खऱ्या सुईने ३१.३ आणि नकलीने १२.१ टक्के निघालं. अशा चाचण्या इतर देशांत, इतर हातांनी पुन्हा व्हायला हव्यात.

दुसरीकडे, आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणेचा उपचार करणाऱ्या ८४८ स्त्रियांत जिवंत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण खऱ्या सुईने १८.३ टक्के आणि नकलीने १७.८ टक्के निघालं. म्हणजे फरक नाहीच. रजोनिवृत्तीतल्या गरम वाफांवर ३२७ स्त्रियांच्या चाचणीतही नकलीपेक्षा फायदा नव्हता. धूम्रपान सोडण्यासाठी टिकाऊ फायदा दिसत नाही.

मग शासकीय संस्था एकमेकींच्या उलट का बोलतात?

कारण त्या वेगवेगळे प्रश्न विचारतात. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २००९ मध्ये पाठदुखीला दहा सत्रांपर्यंत शिफारस केली आणि २०१६ मध्ये ‘देऊ नका’ म्हटलं, कारण या वेळी नकलीशी तुलनेला वजन दिलं. २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी (जिच्यामागे दुसरा आजार सापडत नाही) पुन्हा दार किलकिलं केलं, तेही तज्ज्ञाचे एकूण पाच तास ही मर्यादा घालून. जर्मनीने नेहमीच्या उपचारांशी झालेली तुलना पाहून २००७ पासून पाठ आणि गुडघ्यासाठी विम्यात घेतलं. अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने २०२० पासून जुनाट पाठदुखीला ९० दिवसांत १२ सत्रं मान्य केली, सुधारणा दिसली तर आणखी ८.

चाचणीत किती रुग्ण पुरेसे?

ढोबळ सूत्र असं: १६ ला अपेक्षित फरकाच्या वर्गाने भागा, प्रत्येक गटाची संख्या येते. फरक प्रमाण विचलनाच्या, म्हणजे रुग्णारुग्णांतले आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या, एककात घ्यायचा. काहीच न करणाऱ्यांशी तुलना असेल तर फरक सुमारे ०.५, म्हणजे १६ भागिले ०.२५, प्रत्येकी ६४. नकलीशी तुलना असेल तर फरक सुमारे ०.२, म्हणजे १६ भागिले ०.०४, प्रत्येकी ४००. पाचातला एक मध्येच सोडून जाणार हे धरलं तर ५००.

आता वीस-वीस रुग्णांच्या दोन गटांत खरी सुई नकलीपेक्षा खूप सरस ठरली, अशी बातमी आली तर काय समजायचं ते यावरून कळेल. इतक्या लहान चाचणीत फरक सिद्ध व्हायचा तर तो अवास्तव मोठाच दिसावा लागतो. ज्यांत तो दिसत नाही त्या चाचण्या कपाटात राहतात. १९९८ मध्ये झालेल्या एका पाहणीत चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून प्रसिद्ध झालेल्या ॲक्युपंक्चरच्या सर्व चाचण्या सकारात्मक निघाल्या होत्या. चांगल्या उपचाराच्याही काही चाचण्या योगायोगाने फसायला हव्यात. एकही फसत नसेल तर गाळण कुठेतरी लागलेली आहे.

अहवाल हाती आला तर आधी काय पाहावं?

तुलनागट. ‘नेहमीचे उपचार अधिक ॲक्युपंक्चर’ विरुद्ध ‘नुसते नेहमीचे उपचार’ अशी रचना असेल तर निकाल जवळजवळ नेहमीच सुईच्या बाजूने लागतो, कारण एका गटाला लक्ष आणि वेळ जास्त मिळालेला असतो. त्यानंतर नकली सुई कोणती होती ते पाहा. नकली सुई त्वचेत शिरणारी असली की फरक कमी दिसतो. मग चाचणी सुरू होण्याआधी नोंदणी झाली होती का आणि मुख्य मोजमाप तेच राहिलं का.

सुयांचा तपशीलही हवा. स्ट्रिक्टा नावाची नियमावली २००१ मध्ये आली आणि २०१० मध्ये सुधारली. तिच्यानुसार सुईची जाडी-लांबी, किती सुया, कोणते बिंदू, किती खोल, कळ आणवली का, किती वेळ ठेवल्या, किती सत्रं आणि टोचणाऱ्याचं शिक्षण हे सगळं लिहायचं असतं. ‘रुग्णांना ॲक्युपंक्चर देण्यात आले’ एवढंच वाक्य असेल तर ती चाचणी कुणालाही पुन्हा करून पाहता येणार नाही.

प्लासिबोनेच गुण येतो, तर डॉक्टरांनी सांगून-सवरून तोच का देऊ नये?

सांगून देण्याचा प्रयोग झाला आहे. २०१० मध्ये आयबीएसच्या ८० रुग्णांत ‘यात औषध नाही’ असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम होता, काहीच न दिलेल्यांत ३५ टक्के. पण गोळी न मिळालेल्यांना ती न मिळाल्याचं ठाऊक होतं, म्हणजे हिरमोडाचा प्रश्न इथेही आहेच. न सांगता देणं मात्र फसवणूक ठरते. चाचणीत ती चालते ते रुग्णाने ‘मला नकली उपचार मिळू शकतो’ यावर सही केलेली असते म्हणून.

सुया सुरक्षित आहेत का?

बऱ्याच अंशी. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या पाहणीत ८.६ टक्क्यांना काही ना काही दुष्परिणाम झाला. बहुतेक वेळा थोडं रक्त, काळंनिळं पडणं किंवा दुखणं. २.२ टक्क्यांना त्यासाठी उपचार लागले. फुप्फुसाभोवती हवा साठण्याच्या दोन घटना होत्या.

सुई एकदाच वापरायची आणि निर्जंतुक पाकिटातून तुमच्या समोर काढलेली हवी. पहिल्यांदा घेणाऱ्याने झोपूनच घ्यावी, बसून घेतल्यास चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधं, पेसमेकर किंवा गर्भारपण असेल तर आधी सांगावं. पेसमेकर असताना वीज जोडलेल्या सुया टाळाव्यात. छाती, खांद्याचा वरचा भाग आणि पाठीची वरची बाजू इथे फुप्फुस त्वचेपासून फार खोल नसतं, म्हणून तिथे सुई उथळ आणि तिरकी घालतात. अशा सत्रानंतर काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशीही, छातीत एका बाजूला कळ आली आणि धाप लागली तर ‘सुईचा असर’ म्हणून घरी वाट पाहू नये. थेट रुग्णालयात जावं आणि सुया कुठे टोचल्या होत्या ते आधी सांगावं, म्हणजे छातीचा एक्स-रे लगेच काढला जातो.